भिंतीकडे तोंड केलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. आज निपाणीच्या मारुतीच्या देवळात टाळ-मृदंगांखाली पडून असते. पण एके काळी माझ्या अंगावर सरकारचा शब्द होता.

माझं लाकूड लोंढ्याच्या रानातलं. रवळू सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं. तेव्हा मोठी लढाई चालली होती आणि रॉकेलची टंचाई होती. दुकानदारांनी मनाला येईल तो भाव लावू नये म्हणून कचेरीचा हुकूम निघाला, सरकारी भाव फळीवर रंगवून रस्त्याकडे तोंड करून लावा. माझ्या छातीवर पांढरी अक्षरं उमटली, 'रॉकेल, बाटली साडेतीन आणे'. मला वाटलं, गोरगरिबांच्या दिव्याची राखण आता माझ्याकडे!

मार्तंडशेठच्या दुकानात मी लागले. शेठ मनाने वाईट नव्हते हो. कीर्तनाच्या गॅसबत्तीला रॉकेल ते फुकट देत. पण पेठेतल्या तिन्ही रॉकेलवाल्यांनी संगनमत करून एकच भाव ठरवला, सहा आणे. मग तपासणीची मोटार आली की मी सुलटी, गेली की माझं तोंड भिंतीकडे.

बाळाबाई विड्या वळायची. दिवस मावळल्यावर दिव्यापाशी जेवढ्या वळेल, त्यावर तिच्या आजारी नवऱ्याचं औषध यायचं. तिन्ही दुकानांत सहाच आणे ऐकून ती रिकामी बाटली घेऊन परत फिरायची. मी भिंतीत तोंड खुपसून ऐकत राहायची.

चैत्रात मारुतीच्या देवळापुढे परशरामबुवांचं कीर्तन ठरलं. शेठनी माझ्या कोऱ्या पाठीवर हौसेने खडूने लिहिलं, 'आज सायंकाळी कीर्तन. निरूपण: खरे बोलणे', आणि मला मंडपाच्या दारात दोरीला टांगलं. मला दुसरी बाजू आहे हेच ते विसरून गेले होते!

बुवांनी अभंगाला सूर लावला आणि वारा सुटला. मी गर्रकन फिरले. घरात दिवा नाही म्हणून बाळाबाई कीर्तनाला आली होती. तिने विचारलं, "मास्तर, मागं काय लिवलंय हो?"

गोपाळ मास्तरांनी मोठ्याने वाचलं.

"साडेतीन? शेठ, काल सहा आणे मागितलासा की! माझ्या घरात अंधार हाय त्यो ह्याच्यापायी?"

शेठ गडबडले. "मी एकट्यानं न्हाय गं आक्का! आमी तिघांनी मिळून ठरिवलंय!"

"घ्या! मारुतीनं वदवून घेतलं," बायकांतून कुणी तरी म्हणालं. हशा पिकला आणि लगेच विरला. कचेरीतले कारकून पुढच्याच सतरंजीवर बसले होते.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "शेठ, देवाच्या दारात फळी वाऱ्यानं फिरली. दुकानात ती कुणाच्या हातानं फिरते?"

शेठ उठले. त्यांनी मला सोडवून डोक्यावर घेतलं, दुकान उघडून रस्त्याकडे तोंड करून लावलं आणि बाळाबाईची बाटली माझ्या भावाने भरून दिली. शेठच्या मागोमाग आलेली मंडळी मंडपात परतेपर्यंत बुवा थांबले.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे भांडायला आले. "एकी मोडलास की रं!" पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्यांच्याही फळ्या वळल्या. पुढे कचेरीने माणूस पाठवून आम्हा सगळ्यांना खिळे ठोकले. फार दुखलं, पण तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

लढाई संपली. दुकान उठलं, मी देवळात आले, अक्षरं पुसट झाली. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं माझं मागणं नाही. हुकूम लिहिणारा लिहून जातो. बाजारात भिंतीकडे तोंड केलेली एखादी फळी दिसली, तर तिला फिरवून बघा. कुणाच्या तरी घरातला दिवा तिच्या पलीकडे अडकलेला असतो.