हिरव्या पेनाचा शेजारी

मी एक जुना स्पॅनिश शब्दकोश आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फार हेवेखोर आहे. ज्याच्यावर मी जळतो तो टेबलावर माझ्या शेजारीच असतो. तो म्हणजे हिरव्या शाईचा पेन.

पुण्याच्या रद्दीत मी सुटी पाने होऊन पडलो होतो. यास्मिन नावाच्या विद्यार्थिनीने मला उचलून बोदवडला नेले. तिचे वडील असलमभाई पुस्तके बांधायचे. त्यांनी मला दाभणाने टोचले, दोऱ्याने शिवले, खळ लावून निळ्या कापडाची पाठ दिली. पुढे यास्मिन जळगावच्या विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकवू लागली. कवितेतला शब्द तिला पाठ असला, तरी मुलांसमोर ती तो माझ्यातच शोधायची. तिच्या बोटांनी माझ्या कडा काळ्या झाल्या. ते दिवस माझे होते.

मग ती विभागप्रमुख झाली आणि त्यानंतर प्रभारी कुलसचिव. सगळे तिला मॅडम म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो. शिकवणे सुटले आणि हा पेन आला. त्याच्या एका सहीसाठी माणसे बाहेर बाकावर तासभर बसायची. माझ्यासाठी कोण बसणार? पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मॅडमनी मला फायलींवर ठेवले. बाराशे पानांचा मी, नुसते वजन झालो.

शिपाई कौतिकभाऊ मूळचे नरडाण्याचे. ते रोज मला पुसायचे आणि मॅडम बैठकीला गेल्या की उघडून एक पान बघायचे. मला त्याचा रागच यायचा. मला मॅडमची बोटे हवी होती, ओल्या फडक्याच्या वासाची नव्हे.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी परिपत्रक काढले होते की दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तो वर्ग बंद. सही अर्थातच या हिरव्या दिवट्याने केली होती. यंदा त्यांच्याच स्पॅनिशच्या वर्गाला नऊ नावे आली. शिकवणारे तात्पुरते सरही सोडून गेले होते. वर्ग बंद करण्याची फाइल आठवडाभर माझ्या पोटाखाली होती. त्या नऊ जणांत रावेरची कामिनी होती. तिच्या घरी केळी पॅकिंगचे स्पेनचे यंत्र आले होते आणि त्याची पुस्तिका कोणालाच वाचता येत नव्हती.

शेवटच्या दिवशी नवीन नावाच्या लिपिकाने सुचवले की आपल्याच विषयाला एक सूट द्यावी. मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षी पाली भाषेचा वर्ग मी नऊवरच बंद केला. माझ्यासाठी वेगळा नियम नाही."

त्यांनी मला बाजूला सारले, फाइल ओढली, पेनाचे टोपण काढले. घे रे बाबा, मी मनात म्हणालो, तेवढेच राहिले होते.

तेवढ्यात कौतिकभाऊंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ते आपल्या अहिराणीत म्हणाले,

"मॅडम, मी बारावी पास शे. दहावं नाव मनं लिखा."

मॅडमना ती थट्टा वाटली. मग कौतिकभाऊंनी मला उघडले आणि बोट फिरवत चार शब्द वाचले. उच्चार चुकले, पण अर्थ एकाचाही चुकला नाही.

"चार सालपासून रोज एक पान वाचस," ते म्हणाले आणि शिकवण्याची अटही घातली. "पन शिकाडशात तुम्हीच."

मॅडमनी वर्ग बंद करण्याची फाइल मिटून बाजूला ठेवली. "सकाळी साडेसातला वर्ग," त्या म्हणाल्या. "मला उशीर चालत नाही."

दहावे नाव लिहिले ते मात्र त्या पेनानेच. आठवडाभर फाइल मी दाबून धरली आणि मान त्याला मिळाला. अजून आठवले की माझे पोट दुखते.

पहिल्या तासाला एका शब्दाशी मॅडमनी सवयीने हात पुढे केला. मी कौतिकभाऊंच्या बाकावर होतो. माझा जीव त्या हाताकडे ओढला गेला. पण मॅडमनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "कौतिकभाऊ, तुम्हीच शोधा आणि आम्हाला सांगा."

फडक्याच्या वासाची बोटे माझ्यात शिरली. त्यांनी शब्द बरोबर काढला. ती बोटे मला आधीपासून ओळखत होती. मीच चार वर्षे तोंड फिरवून बसलो होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जाड पुस्तक वजन म्हणून पडले असेल, तर त्याचे रोज एक पान उघडा. ते कुरकुरले तरी उघडा.

आणि तो पेन? तो तासभर मॅडमच्या पर्समध्ये पडून होता. त्याला कोणी विचारलेसुद्धा नाही.