ऋचाची दुसरी डबी

मी एक डबी आहे, थुंकीची. हे ऐकलं की माणसं नजर फिरवतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. पारदर्शक अंग, रुंद तोंड, फिरकीचं झाकण. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. माझ्यासारख्या हजारोंमध्ये मी काही वेगळी होते, असं म्हणायला मला तरी आधार सापडत नाही.

हैदराबादच्या एका दवाखान्यात मी कपाटात पडून होते. मग प्रयोगशाळेतल्या भाग्यलक्ष्मीने मला ऋचाच्या हातात दिलं. त्याआधी एक डबी ऋचा भरून घेऊन आली होती. भाग्यलक्ष्मीने ती उजेडात धरली.

"अम्मा, ये तो थूक है. बलगम होना, अंदर का."

छातीतला बेडका हवा होता; ऋचाने तोंडातली थुंकी आणली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती नळ सोडून, बाथरूममध्ये बेताबेताने खोकली होती. घरात सासरे, सुनेने खाकरायचं कसं?

"कल सुबह, खुली हवा में. और पहले कभी टीबी की गोलियां खाए?"

"नहीं," ऋचा म्हणाली. शेजारी तिच्या सासूबाई, भामाबाई, उभ्या होत्या.

ऋचा मला नल्लकुंट्याला घरी घेऊन आली. त्या घरात दहा महिन्यांच्या अमेयची दुपटी दोरीवर होती, अमेय नव्हता. त्याला त्याच्या आत्याने, सुलभाने, जामबागला आपल्या घरी नेलं होतं. "रिपोर्ट येईपर्यंतच गं," भामाबाई त्या दिवसात तीन-चारदा म्हणाल्या. ऋचा "हं" म्हणाली. रडली नाही. दुपटी कडक वाळली तरी काढली नाहीत. मला वाटलं, हिला काही वाटतच नाही की काय. पण मी डबी, मला काय कळतंय.

सकाळी दोघी गच्चीवर गेल्या. ऋचाने दीर्घ श्वास घेतला आणि ती हळूच खोकली.

"अगं, जोरात खाकर! देवघरात उभी आहेस का?" भामाबाई लांबून म्हणाल्या.

या वेळी ती अशी खोकली की शेजारच्या गच्चीवर मिरच्या पसरणाऱ्या त्रिवेणीबाई उठून उभ्या राहिल्या. "क्या हुआ भाभी, बहू को?"

"आपके मिर्चियों का ठसका लगा उसको!"

"बेगम बाजार की है, भाभी. ठसका तो लगताच!"

दोघी हसल्या. तेवढ्यात माझ्यात घट्ट, पिवळा बेडका पडला. आयुष्यात मी उपयोगी पडले ते एवढंच.

प्रयोगशाळेत भाग्यलक्ष्मीने माझ्यात औषधी पाणी घालून हलवलं. थोडं मिश्रण छोट्या कार्ट्रिजमध्ये भरून मशीनमध्ये ठेवलं. दोन तासांत दोन गोष्टी कळणार होत्या: टीबी आहे का, आणि त्याचं एक मुख्य औषध चालेल का. उरलेलं माझ्यात राहिलं.

मग भाग्यलक्ष्मीने खिडकीतून दोघींना बोलावलं.

"टीबी है, अम्मा. और वो बडी दवा इसपे चलती नहीं. दूसरी गोलियां होना. डॉक्टर समझाते." तिने रजिस्टर उघडलं. "मैं फिर पूछरी. पहले खाए थे?"

ऋचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "हॉस्टेलवर होते तेव्हा. चार महिने. बरं वाटलं, सोडून दिल्या."

"लग्नाआधी?" भामाबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि आम्हाला कुणी..."

"सांगितलं असतं तर करून घेतलं असतं का मला?"

भामाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. "सुलभा, अमेयला घेऊन ये दवाखान्यात. नाही, भेटायला नाही. त्यालाही तपासायचंय."

ऋचाने भाग्यलक्ष्मीला फक्त एवढंच विचारलं, "कितने बजे तक रहते आप?"

"एक बजे तक."

मान हलवून ती बाकावर जाऊन बसली. मास्क नाकावर सारखा केला. नंतर परत एकदा केला.

आता मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे, जाळायला जाणार. डबीचं कोण ऐकणार, तरी सांगते: आधी गोळ्या घेतल्या होत्या का असं कुणी विचारलं, तर शेजारी कोण उभं आहे ते बघून उत्तर देऊ नका. त्या माणसाला बाहेर पाठवा, पण खरं सांगा; अर्धवट सोडलेलं औषध पुढे चालेनासं होऊ शकतं.

बाहेर एक बाळ रडतंय. अमेय असेल. किंवा दुसऱ्या कुणाचं असेल. पिशवीला गाठ मारली आहे, मला नीट ऐकू येत नाही.