न वाजलेल्या बांगड्या

भागीरथी रागीट आहे, हे तंजावूरच्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. रागाचं कारण कुणी विचारत नसे, कारण तेही ठाऊक होतं आणि त्यात निम्म्या घरांचा हात होता. चौदा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण भुवना आठव्या महिन्यात झटके येऊन गेली. दोन दिवस डोकं धरून रडत होती आणि घरातली शहाणी माणसं तिला दवाखान्यात न्यायला अशुभ अष्टमी-नवमी टळायची वाट बघत होती. ती गेल्यावर हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की पोरीचे हात सुजले होते. भागीरथीच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. इतरांवरचा राग एक वेळ निवळला असता, स्वतःवरचा काही निवळला नाही.

म्हणून सत्त्याण्णव साली डॉक्टर कामाक्षींनी आपल्या नव्या दवाखान्यात सोबतिणींचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव भागीरथीचं लागलं. डॉक्टर परदेशात शिकून आलेल्या. तिकडे म्हणे बाळंतिणीसोबत एक शिकलेली बाई असते. ती औषध देत नाही, सुई टोचत नाही, फक्त शेवटचे महिने सोबत राहते, धीर देते, काही बिनसलं तर डॉक्टरला कळवते. ज्यांचं बाळंतपण जोखमीचं, त्यांच्यासाठी अशा सोबतिणी डॉक्टरांना तयार करायच्या होत्या. सहा महिने शिक्षण, मग दहा बायकांची सोबत, आणि प्रत्येकीच्या घरून एक भरलेला फॉर्म. फॉर्मच्या तळाशी एकच ओळ होती: कुटुंबप्रमुखाची सही. दहा सह्या झाल्या की प्रमाणपत्र. चव्वेचाळीस वर्षांच्या भागीरथीला ते प्रमाणपत्र शोभेसाठी नको होतं. ते हातात असलं की कुठल्याही घरात शिरून तिला बोलता येणार होतं आणि समोरच्याला ऐकून घ्यावं लागणार होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

नऊ सह्या झाल्या. दहावं घर शेषाद्रींचं.

त्यांची सून नित्या. दोनदा पोट पडलेलं, त्यात रक्तदाब. माहेर ओरत्तनाडूला, पण डॉक्टरांनी दवाखान्यापासून लांब जायला मनाई केली, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. नवरा मद्रासला कॉम्प्युटरच्या कंपनीत. रविवारी फोन करून बायकोच्या आधी आईची तब्येत विचारणारा. सासू अंबाला सोबतीण हवी होती, पण विधवा नको होती. डॉक्टरांनी दुसरी कुणी नाही म्हटल्यावर तिने नाक मुरडून भागीरथीला घरात घेतलं आणि मागच्या दाराने यायला सांगितलं. भागीरथी मागच्या दाराने येऊ लागली. दहावी सही समोर दिसत होती ना, मग गिळला अपमान.

सातव्या महिन्यात वळैकाप्पु झालं. गावाची ही रीत मराठी घरांनी कधीचीच आपलीशी केलेली: गरोदर बाईच्या दोन्ही हातांत मनगटापासून वर काचेच्या बांगड्या भरायच्या आणि बाळंत होईपर्यंत त्यातली एकही उतरवायची नाही. मूल झालं की त्या सुइणीच्या पदरात पडतात. नित्याच्या हातांत लाल-हिरव्या मिळून बेचाळीस बांगड्या चढल्या. भागीरथी तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसून होती. सवाष्णींच्या कार्यात तिची सावली नको होती. पण त्यानंतर महिनाभर घरात नित्या कुठे आहे हे न बघता कळायचं. पोरगी ताटावर बसली, वेणी घालू लागली, नुसती कुशीवर वळली, तरी किणकिण व्हायची.

त्या सोमवारी सकाळी भागीरथी आली तेव्हा नित्या पलंगावर बसून कपाळावरचे केस मागे सारत होती. केस मागे गेले. बांगड्या वाजल्या नाहीत.

भागीरथीने तिला पुन्हा हात हलवायला सांगितलं. आवाज नाहीच. बेचाळीसच्या बेचाळीस बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या आणि बोटं निळसर दिसत होती. नित्या म्हणाली, काल संध्याकाळपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

तिने अंबाला बोलावलं. अंबाने सुनेचे हात पाहिले आणि तिचा चेहरा खुलला.

"बाळसं धरलंय गे तिनं. बांगडी घट्ट झाली की चोखट म्हणतात. आमची सासूही असंच म्हणायची."

चोखट म्हणजे चांगलं. भुवनाच्या वेळीही नेमका हाच शब्द या गावाने वापरला होता. भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ती शिकवल्याप्रमाणे शांतपणे बोलली: ही सूज आहे, आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. अंबा म्हणाली, डोकं पित्ताने दुखतंय, ताक दिलंय. शेषाद्रींनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. ते कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, घरातही फाईल पुढे सरकवल्यासारखे बोलत. आता राहुकाळ आहे, ही अशुभ वेळ टळू दे, शुक्रवारची तपासणी ठरलेलीच आहे, एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

सोबतिणीने घरच्यांशी भांडायचं नाही, घरच्यांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, हा वर्गातला पहिला नियम. तो भागीरथीला तोंडपाठ होता. तिने कोनाड्यातला पितळी गडू उचलला, नित्याचा हात ओल्या पंच्यावर ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. नित्याने दुसरा हातही पुढे केला.

पहिली बांगडी फुटली तशी अंबा धावत आली. विधवेने भरल्या घरात पोटुशीच्या हातातल्या बांगड्या फोडाव्यात, यापेक्षा अभद्र काही त्या घराला सुचलं नसतं. अंबाने तिला शिव्याशाप दिले, दंड धरून ओढलं, पण भागीरथी जागची हलली नाही. फोडत राहिली. दोन ठिकाणी काच लागून रक्त आलं. हात मोकळे झाले तेव्हा त्यांवर खोल वळ्यांमागून वळ्या उमटल्या होत्या. तिने नित्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हे बाळसं?" ती शेषाद्रींना म्हणाली. "बघा की. माझ्या भुवनाचे हात तुम्ही बघितले होते. स्मशानात तुम्ही होतात."

शेषाद्री त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग चप्पल घालून रिक्षा आणायला गेले. राहुकाळ अजून अर्धा तास होता.

दवाखान्यात दाब एकशे ऐंशीच्या वर निघाला. झटक्यांवरची इंजेक्शनं टोचली आणि तासाभरात पोट उघडलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची, पण रडली. नित्या तिसऱ्या दिवशी उठून बसली.

पाचव्या दिवशी भागीरथी फॉर्म घेऊन गेली, तर शेषाद्रींनी सही करायला नकार दिला. माझी हरकत नाही, पण घरात ऐकून घ्यावं लागतं, असं काहीसं पुटपुटले. अंबाने तिला नातीजवळ फिरकू दिलं नाही. देवाच्या दयेने निभावलं, नाहीतर या बाईने घात केला होता, हे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

भागीरथी डॉक्टरांकडे गेली आणि बांगड्या वाजल्या नाहीत इथपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी तिचे आभार मानले. मग म्हणाल्या, सहीशिवाय प्रमाणपत्र देता येणार नाही, तू नियमही मोडलास, पुढच्या वेळी दुसरं घर बघू. हे सगळं इतक्या गोड आवाजात, की भागीरथीला त्यांचाही गळा धरावासा वाटला. राहुकाळ पाळणारे आणि नियम पाळणारे, दोघांचा तिला सारखाच संताप आला.

ती तडक नित्याच्या खोलीत गेली. अंबा घरी जेवायला गेलेली होती. भागीरथीने फॉर्म खाटेवर ठेवला, 'कुटुंबप्रमुखाची' या शब्दावर पेनाने अशी रेघ मारली की कागद फाटता फाटता वाचला, आणि वर 'आईची' असं लिहिलं. नित्याची बोटं अजून जाड होती. सही करायला वेळ लागला. सहीच्या खाली तिने तमिळमध्ये आणखी एक ओळ लिहिली: बांगड्या फोडायला हात मीच पुढे केले.

"बांगड्या तुमच्याच होत्या अक्का," ती म्हणाली. "रीतच आहे तशी."

भागीरथीला रडू आलं. रडू आल्याचाही तिला राग आला.

तिने फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी खोडलेला शब्द पाहिला, खालची ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "आवाजावरून सूज कळते, हे मी शिकवलं नव्हतं. वर्गात नाहीच ते. कुणी शिकवलं?"

"बहिणीनं," भागीरथी म्हणाली. "तिचं प्रमाणपत्र राहून गेलं. माझ्यावर सही करा, आणि वर्गात नाही, तर घाला."

डॉक्टरांनी पेन उचललं.