अर्धा सांधलेला आवाज

मित्रांनो, माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आहे म्हणून मला स्टूल समजू नका. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. इलेक्ट्रिक गिटारचा बारीक आवाज मोठा करून लोकांपर्यंत पोचवणे हे माझे काम. निदान एके काळी होते. माझी कहाणी सांगताना माझा जळफळाट लपणार नाही, हे आधीच कबूल करतो.

रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात वहिनींनी मला घडवले. तीन बंद पडलेल्या रेडिओंचे भाग, फळकुटाची पेटी आणि तोंडावर लावायला खिडकीच्या पडद्याचे उरलेले कापड, एवढ्यावर माझा संसार उभा राहिला. वहिनींच्या धाकट्या दिराने तीन मित्रांना घेऊन रॉक बँड काढला होता. दुकानामागच्या खोलीत, खोक्यांच्या गर्दीत, त्यांचा सराव चाले. सगळेच त्यांना वहिनी म्हणत.

मग ती आली. लाल गिटार! तीही जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली, पण तिचा काय थाट! तिला मऊ फडक्याने पुसत आणि माझ्यावर चहाचे कप ठेवत. माझे पित्त खवळले ते तेव्हापासून.

बँडच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी ड्रमवाल्याचा बूट माझ्या पोटात बसला. स्पीकरचा कागदी पडदा फाटला. दीर रडकुंडीला आला.

"वहिनी, तासाभरात स्टेजवर जायचंय. काहीही करा, पण याला बोलता करा!"

बाटलीतला गोंद वाळून दगड झाला होता. वहिनींनी पातळ कागदाचा तुकडा घेतला आणि स्वतःच्या नेलपॉलिशने फाटलेल्या जागी पुढून चिकटवला.

"मागची बाजू उद्या करू. आता पळा," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी माझ्या घशातून भलताच आवाज निघाला. अर्धी उघडी राहिलेली चीर थरथरत होती आणि प्रत्येक सूर घोगरा होऊन बाहेर पडत होता. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर चौघांनी गिटारला मिठ्या मारल्या. मला दोघांनी कानाला धरून टेम्पोत टाकले. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, मग तिसरे. पहिली रेकॉर्डही माझ्याच आवाजात निघाली. मागची बाजू तशीच राहिली.

बँड मोठा झाला, मोठे अ‍ॅम्प्लिफायर आले आणि मी वहिनींच्या घरी परतलो. कुंडीचे पाणी पाझरून माझ्या डोक्यावर गोल डाग पडला.

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर त्या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा माहितीपट होता. वहिनी आणि त्यांची लेक बघायला बसल्या. बसता बसता लेक म्हणाली, "आई, उद्या भंगारवाला येतोय. हा खोका देऊन टाकू. तिथे माझं कपाट बरोबर बसेल."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

माझे धाबे दणाणले. आता एकच आशा होती. दिराने पडद्यावर माझे नाव घेतले, तर मी वाचणार होतो.

जुने फोटो आले. एकात मीही होतो, गायकाच्या पायाआड अर्धा झाकलेला. आणि मग दिसली ती! काचेच्या पेटीत, वरून उजेड, शेजारी पहारेकरी. केस पांढरे झालेला दीर काचेवर हात ठेवून म्हणाला, "आमचा तो घोगरा आवाज या गिटारचा. कसा आला, देवालाच ठाऊक."

माझ्यात वीज असती, तर तिथेच फ्यूज उडाला असता.

वहिनी हसल्या. "देवाला कशाला? मला ठाऊक आहे." आणि त्यांनी नेलपॉलिशची गोष्ट सांगितली.

"आई, अगं, हे कधी बोलली नाहीस!"

"कुणी विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांची नजर काचेच्या पेटीवर होती. खोलीत जळणारा मी एकटा नव्हतो, हे तेव्हा मला कळले.

लेकीने कुंडी उतरवली. वहिनींनी माझी पाठ उघडली, धूळ झटकली, एक वायर आणि फ्यूज बदलला. लेकीने आपली शिकायची साधीसुधी इलेक्ट्रिक गिटार आणून जोडली आणि एक तार छेडली. तोच आवाज! लेकीचा आ वासलेलाच राहिला. मला ओरडून सांगावेसे वाटले, बघा, आवाज कुणाचा होता ते!

एवढ्यात वहिनी नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. "उघडलंच आहे, तर मागची बाजूही चिकटवते. किती वर्षं राहून गेलंय."

मित्रांनो, मायेचा हात फिरावा म्हणून मी वर्षानुवर्षे झुरलो, आणि तोच हात आता माझा गळा मिटवायला निघाला होता. ब्रश चिरेजवळ आला. वहिनी थांबल्या. त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा तार छेडली, शेवटपर्यंत ऐकली आणि बाटलीचे झाकण लावले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या करू."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. कपाट दुसऱ्या भिंतीला लागले. म्हणून सांगतो, घरातल्या जुन्या वस्तूवर कुंडी ठेवू नका. तिची धूळ पुसा, आणि ती घडवणारे माणूस समोर असेल तर त्याला एकदा विचारा. काचेतल्या गिटारवर मी अजून जळतो, खोटे कशाला बोलू? पण लेक रोज संध्याकाळी मला जोडते आणि वहिनी हातातले काम सोडून ऐकतात. त्यांचा तो उद्या कधी उजाडू नये, एवढेच माझे मागणे आहे.