हळद प्यायलेला रेडिएटर

मी रेडिएटर बोलतोय. खड्डे खोदणाऱ्या पोकलेनमध्ये, बाजूच्या दाराआड मी राहायचो. इंजिनातलं उकळतं पाणी माझ्याकडं यायचं, मी ते थंड करून परत पाठवायचो. एवढंच माझं काम. मी आहे हे लोकांना गाडी तापली की आठवतं.

गाडी नानासाहेबांची. चालवायचा करमाडचा रामकिसन. शेंद्र्याला कारखान्याचा पाया खोदायचा होता. दुपारी माझ्या दाराच्या सावलीत बसून तो एकटाच भाकर खायचा. एकदा माझी नळी पाझरायला लागली. कथील वितळवून भोकावर डाग द्यायचा तर मला काढावं लागणार, काम बंद पडणार. त्यानं घरून हळदीची पुडी आणली आणि माझ्या पाण्यात सोडली. ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय. भोक बुजलं. मग पाझर फुटला की हळद, असंच सुरू झालं.

चिकलठाण्याच्या वॉशिंग सेंटरवर पुंजाराम गाडी धुवायचा. चेसिसचा चिखल ढेकळं होऊन पडायचा, केबिनच्या काचा लखलखायच्या. माझं दार मात्र कुणी उघडत नव्हतं. माझ्या पातळ पत्र्यांत धूळ आणि वाळलं गवत साचलं, पोटात हळद. वारा आत येईना.

चैत्रात गाडी घडीघडी तापायला लागली. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "रामकिसन, सोमवारी परत तापली तर भंगारात देतो. नव्या गाडीसंगं तिचा ऑपरेटर येतोय. तू बघ दुसरीकडं."

रामकिसननं गाडी पुंजारामपुढं आणली आणि पहिल्यांदाच माझं दार उघडायला लावलं. खालचा पाईप सोडला, तर पिवळा गाळ आला.

"काय रं, कालवण करत व्हतास का हिच्यात?"

"हसू नको मामा. सोमवारी मी बी भंगारात चाललो."

"मीठ तेवढं राह्यलं बघ."

रामकिसनलाही हसू आलं. पुंजारामनं आतल्या बाजूनं हवा मारली, गवत उडालं. पाणी नितळ येईपर्यंत पोट धुतलं. कितीतरी दिवसांनी माझ्यातून वारा आरपार गेला. लई हलकं वाटलं.

मग मी ठिबकायला लागलो. एका जागी नाही, सगळीकडून. हळदच मला धरून होती.

"आता ह्याला डाग द्यायला जागा नाय," पुंजाराम हळूच म्हणाला.

रामकिसन उठला. कुठूनसा दुसरा, वापरलेला रेडिएटर घेऊन आला आणि माझ्या जागी बसवला. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. माझा त्याच्यावर राग नाही. त्याच्या डोळ्यापुढं सोमवार होता. त्या सोमवारी गाडी तापली नाही, रामकिसनचं काम टिकलं, हे पुंजाराम कुणाला तरी सांगत होता, तेव्हा मला कळलं.

मी आता इथं वॉशिंग सेंटरच्या भिंतीला टेकून आहे. तुमच्याकडं अशी गाडी असेल तर एवढं करा. धुताना ते बाजूचं दार उघडून बघत जा. आतल्याला हाक मारता येत नाही.

गाड्या येतात, धुऊन जातात. दिवसभर माझ्या अंगावर पाणी उडतं. माझ्यात मात्र कुणी ओतत नाही.