खुर्चीचा पाय

टबातलं पाणी काळंकुट्ट झालं आणि हॉलमधली सत्तर-ऐंशी माणसं एकदम पुढे सरकली. टबात पाय होता माझ्या थोरल्या बहिणीचा.

‘पाहा, वर्षानुवर्षांचं सडकं रक्त,’ महाराज माइकवरून सांगत होते. ‘डॉक्टर पट्ट्या बांधून हे आत कोंडतात. आमचं दिव्य जल ओढून काढतं. सुई नाही, चिरा नाही. कुठलाही पाय आणा.’

ताई लाँड्रीत इस्त्री करते. सव्वीस वर्षं उभी. घोट्याच्या वर तिची कातडी काळी पडून टणक झाली होती आणि तिथेच एक जखम. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेली घट्ट पट्टी ती रोज बांधायची, जखम नखाएवढी उरली होती. मग महाराज भेटले आणि पट्टी सुटली. ही तिसरी बैठक. जखम आता बिस्किटाएवढी होती.

‘ताई, अगं वाढलीय ती.’

‘घाण निघतेय, मग जागा मोठी होणारच,’ ती म्हणाली. ‘काळं पाणी तुझ्या डोळ्यांनी बघतोयस ना?’

बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं. मी रंगारी आहे. हा काळा मी रोज कापडावर चढवतो. डाळिंबाच्या सालीची पिवळी पूड लावायची आणि कापड हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचं, दोन्ही भेटले की काळा उतरतो. महाराजांचा शिष्य पाण्याआधी प्रत्येक पायाला पिवळा लेप लावत होता.

मी उठलो. ‘महाराज, कुठलाही पाय चालेल?’

‘कुठलाही. फक्त श्रद्धा हवी.’

मी माझी पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली, तिच्या एका पायाला वाटीतला लेप फासला आणि शेजारच्या, अजून स्वच्छ दिसणाऱ्या दिव्य जलाच्या टबात बुडवला. पाणी काळं झालं. बिचाऱ्या खुर्चीचंही रक्त सडलं होतं.

‘याची श्रद्धा नाही,’ महाराज ओरडले.

‘खुर्चीची तरी कुठे आहे?’

मागे कोणीतरी हसलं. मी लेप आणि हिराकसाचं गणित मोठ्याने सांगितलं, तसे लोक आपापले पाय बाहेर काढू लागले. शिष्य टब उचलून आत पळाला, महाराजांना अचानक दुसरीकडची बैठक आठवली. उघड्या जखमा हिराकसात बुडवणाऱ्या त्या माणसाला मी हात लावला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधण्याआधी ताईच्या पावलाची नाडी तपासली.

‘रक्त सडलं नाही, मग माझा पाय काळा का?’ ताईने विचारलं.

‘शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर चढलं की ते खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा निकामी झाल्यात. रक्त खाली साठतं, दाब वाढतो, तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात. दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण त्यांच्यातलं लोह कातडीत उरतं. तोच हा डाग. सतत सूज राहिली की खालची चरबी घट्ट होते, कातडी कमजोर होते, जराशा ओरखड्याने फुटते. रक्त सडलेलं नाही, फक्त वर जात नाही. पट्टी त्याला वर ढकलते.’

‘भरेल का हो?’

‘भरेल. पण आता सहा महिने धरा. पूर्वीसारखं पंधरा दिवसांचं काम राहिलं नाही.’

ताई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘मी मूर्खच ना?’

नाही. जे दिसलं त्यावर तिने विश्वास ठेवला, इतकंच. पहिल्या दोन बैठकांना तिने मला सोबत बोलावलं होतं आणि ‘बायकांचं खूळ’ म्हणून मी घरी बसून हसलो होतो. तो रंग मला पहिल्याच दिवशी ओळखता आला असता. म्हणून सांगतो, घरातलं माणूस चमत्काराला निघालं तर हसू नका, सोबत जा आणि सगळ्यांसमोर विचारा. माझ्या हसण्याचे सहा महिने ताई भोगतेय.