औषध घेतलेलं पान

मी गव्हाचं पान बोलतंय. ओंबीच्या लगेच खालचं, सगळ्यात शेवटी आलेलं. पण आज माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. आज सकाळी आम्हाला रोज तपासायला येणारी बाई शेतात आली ती एका पायात निळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल घालून, आणि सांगायचं तर तिथूनच सांगायला हवं.

बाईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. काम करताना ती स्वतःशी बोलते, आणि ऐकायला आमच्याशिवाय कुणी नसतं, म्हणून मला सगळं कळतं. काल तिच्या लेकीने एक पान तोडून त्याची पिपाणी केली आणि तोंडात धरून फुंकली. ते पान फवारलेल्या ओळीतलं होतं की बिनफवारलेल्या, हे काही केल्या पोरगी सांगेना. प्रश्न एवढाच. त्याच्यापायी बाईने रात्रभर पोरीचं पोट चाचपलं, कपाळ चाचपलं, नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. पोरगी आडवीतिडवी पसरून घोरत होती. सकाळी तिने उठल्या उठल्या खायला मागितलं, तर बाईने पुन्हा तिचं कपाळ चाचपलं. एरवी मागे लागावं लागतं, आज आपणहून कशी मागते? काळजीच करायची म्हटल्यावर भूकसुद्धा लक्षण होते.

उत्तर मला ठाऊक होतं. पण पानाला कोण विचारतंय?

आता थोडं माझ्याविषयी. माझा जन्म संशोधन केंद्राच्या शेतातला. इथे गहू खाण्यासाठी लावत नाहीत, मोजण्यासाठी लावतात. खालची भावंडं मोठी झाल्यावर मी गुंडाळी होऊन वर आलं आणि हळूहळू उलगडलं. शेंडेफळ म्हणून लाड होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. ओंबीला भरवायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडलं. ऊन मी खायचं आणि अंग तिने धरायचं.

ओंबी बाहेर पडायच्या आधी माझ्या बुडाशी हिरव्या म्यानात लपलेली असते. तेव्हा गहू पोटरीत आला असं म्हणतात. बाईने हे पहिल्यांदा भुंगासमोर म्हटलं, तेव्हा भुंगाने वाकून स्वतःच्या पोटऱ्या पाहिल्या होत्या, असं बाई सांगत होती. भुंगा म्हणजे तीच लेक. कागदोपत्री नाव दुसरं असेल, पण प्रश्न विचारून विचारून डोक्याला भुंगा लावते, म्हणून घरीदारी भुंगाच.

तर, पोटरीत असतानाच आमच्यावर फवारणी झाली. गव्हाचा संसार एकाच फुलात आटोपतो. पराग घरचा, बीज घरचं, बाहेरच्या कुणाची गरज नाही. या लोकांना मात्र दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक जुळवायची असते. मग एका घराण्याचे स्वतःचे परागकण निकामी करायचे, म्हणजे ते मुकाट्याने शेजारच्या ओळीचे पराग घेतं. एकेका फुलातून ते चिमट्याने उपटत बसलं तर जन्म सरेल, म्हणून रसायन. फवारलेल्या त्या मादी ओळी, न फवारलेल्या त्या नर. बाई लेकीला सांगताना आईच्या ओळी आणि बाबांच्या ओळी म्हणते. मी आईच्या ओळीतलं.

रसायन होतं परागांसाठी, अंगावर घेतलं आम्ही पानांनी. माझं टोक आधी पिवळं पडलं, मग करपून तपकिरी झालं. कडेने फिक्या रेघा उमटल्या, मधे सुरकुत्या आल्या. ताट, म्हणजे ज्यावर मी उभं तो दांडा, खुजं राहिलं. ओंबी बिचारी म्यानातून निम्मीच बाहेर आली आणि घट्ट गळ्याच्या स्वेटरमध्ये डोकं अडकावं तशी अडकली. मात्रा कमी पडली तर पराग शिल्लक राहतात, जास्त झाली तर पान भाजतं. या दोहोंच्या मधली जागा शोधायची, हे बाईचं काम. पराग मेले का ते बाकीचे बघतात. पान किती सोसतं ते ती बघते.

त्यासाठी तिच्याकडे चिमट्यासारखं एक यंत्र आहे. ते मला हलकेच चावतं आणि माझ्यात हिरवेपणा किती उरला त्याचा आकडा दाखवतं. तेवढ्याने बाईचं समाधान होत नाही. आकडा लिहून झाला की ती दोन बोटांत धरून मला चाचपते, उलटं करून बघते, पुन्हा सुलटं करते. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे नुसते सर म्हणतात, एकदा बांधावरून म्हणाले होते, "ताप बघताय का पानाचा? काखेत थर्मामीटर लावा." बाई हसली. सर वळल्यावर तिने मला पुन्हा एकदा चाचपलं.

आणि एक शब्द सांगायचा राहिला. ज्याने माझं हे असं झालं, त्याला शेतात सगळे औषध म्हणतात. फवारणारा म्हणतो औषध मारलं, सर म्हणतात औषध जरा जास्त झालं, बाईही तेच म्हणते. त्याचं लांबलचक खरं नाव फक्त पाहुणे आले की बाहेर काढतात. मला तर ते घेईपर्यंत काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

काल भुंगाच्या शाळेला सुट्टी होती आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींना कुठे लग्नाला जायचं होतं. म्हणून बाईने तिला शेतात आणलं, बांधावरच्या झाडाखाली बसवलं आणि इथून हलायचं नाही अशी ताकीद दिली. थोड्याच वेळात भुंगा आईच्या पाठीशी उभी होती. बाई तेव्हा हातमोजे घालून कात्रीने आमच्या ओळीतल्या पानांची टोकं तपासणीसाठी कापून पाकिटात भरत होती. माझंही कापलं. भुंगाने ते नीट निरखून पाहिलं.

"हे असं पिवळं का झालं?"

"औषध दिलंय ना त्याला."

"काय झालं होतं त्याला?"

"काही नव्हतं झालं."

"मग औषध कशाला दिलंस?"

बाई एवढी शिकलेली, पण परागकण निकामी करणं म्हणजे काय, हे पहिलीतल्या पोरीला कुठून सांगायला घ्यावं ते तिला सुचेना. मोठी झालीस की सांगेन, म्हणून तिने वेळ मारून नेली. भुंगाने प्रश्न बदलला. बाबांच्या ओळीलापण देतेस का? बाई म्हणाली, नाही, फक्त आईच्या. त्यावर भुंगाने जे विचारलं ते बाईला इतकं पटलं की हातातली कात्री तशीच राहिली.

"फक्त आईलाच का?"

तेवढ्यात सरांनी हाक मारली आणि बाई सुटली. ती परत आली तेव्हा भुंगा बांधावर बसून गव्हाच्या पानाची पिपाणी वाजवत होती. छान वाजत होती. चिरका, लांब सूर होता.

बाई किंचाळली. मी तिला रोज बघतं, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने पान हिसकावून फेकलं, वाऱ्याने ते कुठल्या कुठे गेलं. मग बाटलीतलं पाणी पोरीच्या तोंडात ओतून चुळा भरायला लावल्या आणि तिचे खांदे धरून विचारलं, कुठलं तोडलंस, कुठल्या ओळीतलं, बोल. बाई घाबरली की तिचा आवाज चढतो. तिला वाटतं आपण विचारतोय. समोरच्याला वाटतं आपल्याला झापलं जातंय. भुंगाने ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. दिवसभर बाकी सगळं बोलली, या प्रश्नाला मात्र कुलूप.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पोरगी खेळतेय ना, मग लक्ष ठेवा, उलटी झाली तर घेऊन या, आणि पान कुठलं होतं ते कळलं तर सांगा. बाईने त्यातलं शेवटचं तेवढंच ऐकलं. कारण उशिरा फवारलं तर काय होतं ते बघायला आमच्या ओळीवर परवाच पुन्हा एकदा औषध मारलं होतं. दुसऱ्या कुठल्या शेतात ती एवढी घाबरली नसती.

म्हणून आज सकाळी दोन रंगांच्या चपला घालून ती लेकीला घेऊन आली. पोरगी सांगत नसेल तर तुटलेलं पान सांगेल, असा तिचा हिशेब. एका हाताने भुंगाचं मनगट धरून, कमरेत वाकून ती एकेक ताट बघत निघाली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. माझं टोक जागेवर नव्हतं.

बाई ओळीतच खाली बसली. चेहरा माझ्यासारखाच झाला, पिवळा. मला हसायचं होतं, पण हसायला मला वारा लागतो आणि तो पडलेला होता. अगं बाई, कात्रीने कापलेलं आणि पोराने ओरबाडलेलं यातला फरक तुला कळत नाही? कालच तर नेलंस. पाकिटावर तुझ्याच अक्षरात लिहिलंय. पण भ्यालेल्या माणसाचं शिक्षण आधी पळून जातं, हे मी या शेतात आज पाहिलं.

तिला ओरडायलाही त्राण नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"भुंगा, हे पान तू तोडलंस, राणी?"

भुंगा तिच्याकडे बघत राहिली. रागवायचं संपलंय की अजून बाकी आहे, याचा अंदाज घेत असावी.

"हे तर तूच कापलंस," ती म्हणाली. "कात्रीने. मी बघत होते."

"मग तुझं कुठलं?"

भुंगाने आईला उठवलं आणि पाटापलीकडे नेलं. तिथे हिरव्यागार ओळीत एक पान अर्ध्यात ओरबाडलेलं लोंबत होतं. कड फाटकी, चिंध्या निघालेल्या.

"बाबांच्या ओळीतलं घेतलं मी. बाबा रागवत नाहीत. आणि त्यांना औषधपण नाही." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ती पानं आजारी आहेत ना? आजारी असलं की त्रास द्यायचा नसतो. तूच सांगतेस."

बाई हसली, मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं, मग तिने डॉक्टरांना फोन लावला. मग तिची नजर स्वतःच्या पायांकडे गेली आणि ती पुन्हा हसली.

माझं आता फार उरलेलं नाही. करपलेला भाग दर दिवशी थोडा खाली सरकतो. पण ओंबीत दाणे धरलेत. थोडेच आहेत, शेजारच्या परागांचे आहेत, तरी भरवतंय मीच. ते भरले की मी वाळून जाईन, आणि माझ्यापायी कुणी जागरण करणार नाही, ते बरंच आहे. जाताना मागणं एकच. जे देता त्याला औषधच म्हणणार असाल, तर मग आम्हाला आजाऱ्यासारखं वागवाही. भुंगाने वागवलं तसं.

बाई परत माझ्यापाशी आली, कारण भुंगाने तिचा हात सोडला नव्हता. आजारी असताना कापलंस, आधी याला सॉरी म्हण, अशी आज्ञा झाली होती. सर बांधावर येऊन उभे होते, म्हणून बाईने इकडेतिकडे बघून, खोकल्यासारखं करून, ओठातल्या ओठात म्हटलं.

भुंगाने मान हलवली.

"ऐकू नाही गेलं त्याला. मोठ्याने म्हण. पण ओरडून नको."